नदीतला गाळ येतो कुठून? सह्याद्रीची झाडी, उघडे उतार आणि वाशिष्ठीचं पात्र

घाटमाथा

२२ जुलै २०२१ च्या, वाशिष्ठीकाठच्या चिपळूणच्या पुरापासून दोन मागण्या जोडीनं ऐकू येतात : नदीतला गाळ काढा आणि डोंगरावर झाडं लावा. गाळाचा हिशेब घनमीटरमध्ये होतो, हायवा डंपरच्या खेपांमध्ये होतो. झाडांचा मात्र रोपांच्या आकड्यापुढे जात नाही. लावलेल्या झाडांनी नदीत येणारी माती किती घटली, हे विचारलं जायला हवं. त्यासाठी हा धागा.

माती सुटते ती आधी थेंबाच्या माऱ्यानं. पाच मिलिमीटरचा थेंब सुमारे ९ मीटर प्रतिसेकंद वेगानं जमिनीवर आदळतो, मातीचे कण उडवतो आणि बारीक कणांनी जमिनीची छिद्रं बुजवतो. मग पाणी मुरत नाही, वरून वाहतं आणि सुटलेले कण घेऊन जातं. जंगल हे थांबवतं, पण जंगलाचा नेमका कुठला भाग?

मातीच्या धुपीचं जे समीकरण जगभर वापरतात, त्याचं अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९७८ मध्ये काढलेलं हस्तपुस्तक प्रसिद्ध आहे. त्यातला आच्छादनाचा गुणक पाहा. उघड्या, नांगरून ठेवलेल्या जमिनीला १ धरलं, तर पडीक पण न नांगरलेल्या उघड्या जमिनीला ०.४५. त्याच जमिनीवर ७५ टक्के छत्र देणारी उंच झाडं आहेत, पण खाली काहीच नाही, तर ०.३६. झाड एकही नाही, पण ९५ टक्के जमीन गवतानं आणि पाचोळ्यानं झाकलेली आहे, तर ०.००३. म्हणजे नुसत्या छत्रानं धूप पाचव्या हिश्शानं घटली आणि जमिनीलगतच्या पांघरुणानं दीडशेपट.

झाडं लागतातच. पाचोळा त्यांच्याकडूनच येतो, मुळं जमीन सच्छिद्र ठेवतात. पण माती धरण्याचं काम प्रत्यक्षात पाचोळा, गवत, झुडपं आणि भुसभुशीत वरचा थर करतो. हा थर वणव्यात गेला की वर झाडी दिसत असूनही उतार उघडाच असतो.

सागवान_नको

याला जोडून सागाचं सांगतो. आठ मीटरच्या आसपास उंचीवरून पडलेला थेंब पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग घेतो. सागाचं पान मोठं, त्याच्या टोकाशी पाणी साचून थेंब पावसाच्या थेंबापेक्षा जाड होतो. म्हणजे उंच सागाखाली जमीन उघडी असेल, तर मारा मोकळ्या मैदानापेक्षाही जास्त बसू शकतो. सागाखाली गवत तसंही विरळ, पानं वाळली की पेटतात पटकन. जुन्या सागवनात खोडाभोवती मुळं उघडी पडलेली आणि प्रत्येक खड्याखाली मातीचा छोटा खांब उरलेला दिसला, तर तो याच माऱ्याचा पुरावा. खड्यानं झाकलेली माती राहिली, आजूबाजूची गेली. खांबाची उंची पट्टीनं मोजली की किती माती गेली तेही कळतं.

देवराईत असे खांब शोधून सापडत नाहीत.

वरकस

पण उपग्रहाच्या नकाशात कोकण हिरवंगार दिसतं. वनसर्वेक्षणाच्या अहवालांतही रत्नागिरी, सिंधुदुर्गाचं वनाच्छादन चांगलं असतं. मग एवढा गाळ का?

घाटमाथा

कारण तो आकडा छत्राचा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरपेक्षा मोठं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र असलेलं कुठलंही क्षेत्र वनाच्छादनात धरतात. जमीन कुणाची, झाड कुठलं, हे पाहत नाहीत. आंब्या-काजूची बाग त्यात येते. जंगल तोडून जेसीबीनं पायऱ्या पाडल्या आणि काजू लावला, तर मधली चार-पाच वर्षं सोडून नकाशा पुन्हा हिरवा. खाली माती उघडी आहे की झाकलेली, ते वरून दिसत नाही. रत्नागिरीत सरकारी वन फारच थोडं, बहुतेक झाडी खासगी मालकीची. त्यामुळे हा बदल गावोगाव, तुकड्या-तुकड्यांनी होतो.

कलमबाग

काजूवाल्यांची बाजूही मांडतो. बाग म्हणजे धूप असं नाही. बाग स्वच्छ ठेवण्याची सवय म्हणजे धूप. मे महिन्यात पाला गोळा करून जाळणं आणि पावसाच्या तोंडावर तणनाशक मारणं, या दोन गोष्टी टाळल्या तरी पुष्कळ फरक पडतो. काजू वेचायला जमीन मोकळी हवी, हे खरं. पण वेचणी मार्च ते मे. त्यानंतर गवत येऊ द्यावं, ते ऑगस्टअखेर आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये चार बोटं ठेवून कापावं, उपटू नये. कापलेलं गवत झाडाच्या आळ्यात पसरावं, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते. पायऱ्या पाडल्या असतील तर त्यांच्या तोंडाला वाळा (खस गवत) लावावा. दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच. अंतर जास्त ठेवलं की पाणी फटीतून जोरानं निघतं आणि तिथेच घळ पडते. वाळ्याची ओळ समपातळीतच हवी. नजरेनं लावलेली ओळ हमखास एका बाजूला उतरते आणि सगळं पाणी त्या टोकाला नेऊन सोडते. समपातळी बघायला पाणी भरलेली पाणनळी घ्या, दहा मीटर पारदर्शक नळी पुरते.

पाणलोट_मोजणी

थोडं गणित, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली की १० घनमीटर, वजनात साधारण १३ टन. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. भारतासाठी १९८३ मध्ये काढलेला आणि आजही उद्धृत होणारा सरासरी अंदाज हेक्टरी वर्षाला १६.३५ टनांचा, म्हणजे सव्वा मिलिमीटर. त्याच अंदाजानुसार सुटलेल्या मातीपैकी २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के उतारावरच इकडची तिकडे होते.

आता १० चौरस किलोमीटरचं एक ओढ्याचं पाणलोट घ्या. हेक्टरी २० टन धूप धरली, तर २०,००० टन. एवढ्या आकाराच्या पाणलोटातून साधारण तिसरा हिस्सा मुखापर्यंत पोचतो. बाकीची बांधाला, शेताच्या कोपऱ्यात, घळीच्या पायथ्याशी अडकते. ७,००० टन धरू. पात्रात बसल्यावर ५,००० घनमीटर. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सुमारे १,७६५, म्हणजे सहा ब्रासच्या हायवाच्या जवळजवळ तीनशे खेपा, दर वर्षी, एका ओढ्याच्या. उदाहरणाचे आकडे आहेत, पण आवाका यावरून कळेल.

वरकस

मग झाडं लावलीच पाहिजेत ना? आमच्याकडे डोंगरावर हेक्टरी १,१११ रोपं लावली होती, तीन बाय तीन मीटरवर.

पाणलोट_मोजणी

खड्डे केवढे? ६० सेंटिमीटरचा घनाकृती खड्डा म्हणजे ०.२१६ घनमीटर. १,१११ खड्ड्यांतून २४० घनमीटर माती सुटी झाली, तीनशे टनांच्या वर. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणतात, माती खालच्या अंगाला टाकतात आणि जूनचा पहिला मोठा पाऊस त्या सुट्या ढिगावर पडतो. दहावा हिस्सा वाहिला तरी हेक्टरी ३० टन. म्हणजे वृक्षारोपणाचं पहिलं वर्षच नदीला गाळ देऊन जातं. त्यात रोपाभोवती मीटरभर जागा साफ केली आणि पट्टे काढून गवत उपटलं, तर आणखी.

उतार २५ टक्क्यांच्या वर असेल तर खड्डा ३० सेंटिमीटरचाच पुरे (१,१११ खड्ड्यांत ३० घनमीटर). माती लगेच भरायची, उरलेली खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती दाबून बसवायची आणि वर गवत कापून पसरायचं. आणि जिथे ऐन, किंजळ, जांभूळ, कुडा यांचे खुंट जिवंत आहेत, तिथे खड्डा खणूच नये. खुंटाला फूट येते, मुळं तयारच असतात. चराई आणि वणवा तीन वर्षं थांबवला तर लावलेल्या रोपापेक्षा खुंटाचं झाड पुढे जातं.

उत्तर कन्नडच्या पश्चिम घाटात जमिनीत पाणी मुरण्याच्या वेगाची मोजणी झाली आहे. नैसर्गिक जंगलात वेग सर्वांत जास्त, उजाड झालेल्या जमिनीत सर्वांत कमी आणि तिथे लावलेलं ऑस्ट्रेलियन बाभळीचं वन दोन्हींच्या मध्ये. एकाच जातीची लागवड जमीन सुधारते, पण गेलेलं जंगल परत देत नाही.

भूस्तर

या चर्चेत दरडींना वेगळा कप्पा हवा. थेंबानं सुटणारी माती आणि अख्खा उतार सुटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सह्याद्रीत एक दरड शेकडो हेक्टरांच्या वर्षभराच्या धुपीएवढी माती एका रात्रीत ओढ्यात आणते.

झाडाची मुळं वरच्या मीटर-दीड मीटरला धरतात. घसरणीचा पृष्ठ त्याहून वर असेल तर मुळांची पकड निर्णायक ठरते. पण आपल्याकडे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा थर असतो. तो पाणी धरतो, मऊ होतो आणि त्याच्या वरचं सगळं घसरतं, झाडांसकट. तो पृष्ठ पाच-दहा मीटर खोल असेल तर वर देवराई असली तरी उपयोग नाही. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही घटनांत "जंगल असतं तर झालं नसतं" असं एका वाक्यात म्हणता येत नाही. माळीणच्या बाबतीत वरच्या उतारावरच्या जमीन सपाटीकरणाची चर्चा झाली ती रास्त होती, कारण तिथे प्रश्न पाण्याला वाट कशी मिळाली याचा आहे.

तोडीनंतरचा काळ मात्र ध्यानात ठेवा. झाड तोडल्यावर मुळं लगेच कुजत नाहीत. पकड हळूहळू कमी होते आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून पुढची काही वर्षं ती सर्वांत कमी असते. नवी मुळं अजून बसलेली नसतात. तोड आज झाली आणि दरड पाच वर्षांनी आली की कुणी दोन्हींचा संबंध जोडत नाही. खुंट जिवंत ठेवून केलेल्या तोडीत पकडीतली ही घट कमी असते. जेसीबीनं खुंट उपटला की पकड त्याच दिवशी संपते.

समतल_चर

म्हणजे उपाय सोपा : सगळ्या डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर. पाणी जागेवर मुरलं की धूप नाही, नदीला गाळ नाही.

भूस्तर

कोकणात आणि घाटमाथ्यावर हे सरसकट करू नका, कळकळीनं सांगतो. चराची कल्पना ५००-७०० मिलिमीटर पावसाच्या, मध्यम उताराच्या मुलखासाठी उत्तम आहे. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात चर पहिल्या आठवड्यात भरतो. मग तो एक तर फुटतो आणि खालचे चर ओळीनं फोडत नेतो, किंवा पाणी उतारात आत घुसवतो आणि तांबड्या थराला भिजवतो. जाड मातीच्या, ३० टक्क्यांवरच्या उतारावर, खाली वस्ती असेल तर चर नकोच. तिथे पाणी मुरवायचं नसून सुरक्षित बाहेर काढायचं असतं.

समतल_चर

मान्य. माझा अनुभव कमी पावसाच्या माणदेशातला आहे. तिथे ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल चर वर्षातून चार-पाच वेळाच भरतात. कोकणात मग घळींचं काय करायचं?

पाणलोट_मोजणी

घळीत अनगड (न घडवलेल्या दगडांचे) दगडी बांध, वरून खाली या क्रमानं. खालून सुरुवात केली तर वरचा लोंढा पहिल्याच पावसात तो उचलून नेतो. उंची मीटरच्या आत. अंतराचा नियम : खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत. बांध पाऊण मीटरचा आणि घळीचा उतार १० टक्के असेल तर साडेसात मीटरवर पुढचा बांध. दोन्ही काठांत अर्धा मीटर आत खोचायचा, मधला भाग काठांपेक्षा वीत-दीड वीत खाली ठेवायचा, म्हणजे पाणी मधूनच पडेल. जिथे पडेल तिथे दगडांची फरसबंदी. हे बांध निकामी होतात ते बहुतेक एकाच कारणानं : मधे खोलगट ठेवलेलं नसतं, पाणी कडेनं जातं आणि काठ खाऊन बांधाला वळसा घालतं. नदीतले गोल गोटे वापरले तरीही तेच. कंगोरे असलेले दगड हवेत, मोठे खालच्या अंगाला, बारीक वरच्या अंगाला. बांध भरला की काम संपलं असं समजू नका. भरलेल्या गाळावर निर्गुडी किंवा माणग्याचे (बांबूची एक जात) कंद लावले तर ती जागा कायमची पक्की होते.

रस्ता_आणि_मोरी

सगळे उतार मोजताय, रस्ते कुणी मोजत नाहीत. लाकूड काढायला जेसीबीनं पाडलेला कच्चा रस्ता क्षेत्रफळानं अगदी थोडा असतो, पण दाबलेली जमीन पाणी मुरू देत नाही आणि चाकोरी थेट ओढ्याला जाऊन मिळते. वर सांगितलेला, तीनातले दोन हिस्से वाटेत अडकतात हा नियम रस्त्याला लागू होत नाही. रस्त्यावरची जवळजवळ सगळी माती नदीत पोचते.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रूक या प्रायोगिक जंगलात १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका अख्ख्या पाणलोटातली झाडं तोडली, पण लाकूड ओढलं नाही, रस्ता केला नाही, झाडं पडली तिथेच ठेवली. वर तणनाशक मारून तीन वर्षं काहीही उगवू दिलं नाही. ओढ्याचं पाणी लगेच वाढलं. माती मात्र सुरुवातीला फारशी गेली नाही. जमिनीवरचा पाचोळा आणि ओढ्यातले काटक्यांचे बांध टिकून होते. ते कुजल्यावर गाळ वाढला. तोडीपेक्षा तोडीच्या पद्धतीकडे का बघायचं, ते यावरून कळतं.

कच्च्या रस्त्यावर तिरके आडवे वरंबे घाला, रस्त्याशी ३० अंशांच्या कोनात, दाबून ३० सेंटिमीटर उंच. ५ टक्के चढाला ४० मीटरवर एक, १० टक्क्यांना २५, १५ टक्क्यांना १८. कोकणच्या पावसाला यातही कमी अंतर धरा. पाणी बाहेर सोडाल तिथे दगड किंवा दाट झुडूप हवं. भरावावर सोडलं तर भरावच जाईल. मोरीच्या खालच्या तोंडाशी हीच चूक सर्रास दिसते : नळी हवेत संपते आणि खाली घळ पडते. मुंबई-गोवा महामार्गाचं म्हणाल तर चिपळूणजवळच्या परशुराम घाटात उभी कटाई झाल्यावर दरडी कशा कोसळल्या ते सगळ्यांसमोर आहे. कटाईचा राडारोडा उतारावर लोटला की तो पुढची कित्येक वर्षं ओढ्याला पुरतो.

खाडीकाठ

खालच्या अंगाचं दोन शब्दांत. कोकणातल्या नद्या घाटातून धडधडत उतरतात आणि पायथ्याशी एकदम सपाट होतात. वेग गेला की आधी गोटे, मग रेव, मग वाळू टाकतात. वाशिष्ठीत भरतीचं पाणी चिपळूणच्या जवळपर्यंत येतं. पुराच्या वेळी भरती असेल तर प्रवाह थोपतो आणि तिथेच बेटं वाढतात. अतिबारीक माती खाऱ्या पाण्यात गुठळ्या होऊन दाभोळच्या खाडीत बसते. शिवाय कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी आहे. ते धरणातून आलेलं, गाळ कमी असलेलं पाणी. स्वतः माती आणत नाही, पण बाराही महिने पात्राला ताकद देतं. काठ उघडे असतील तर ते काठ खातं. काठावर वाळुंज, करंज, उंबर आणि खडकाळ पात्रात शेरणी, ही जुनी माणसं काढू नका. गाळ काढताना पोकलेनला वाट करायला पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.

आणि काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला तर पुढच्या पुरात तो परत पात्रात. पूररेषेबाहेर न्यायला हवा.

वरकस

समजा, उद्यापासून सगळं नीट केलं, वणवे थांबले, रस्ते सुधारले. नदीत गाळ येणं कधी थांबेल?

घाटमाथा

लवकर नाही आणि हे आधीच सांगायला हवं, नाहीतर तीन वर्षांनी लोक म्हणतील की काही उपयोग झाला नाही. घळींच्या पायथ्याशी, ओढ्यांच्या वळणांवर आधीच्या वर्षांचा गाळ साठलेला आहे. तो पूर येईल तसा टप्प्याटप्प्यानं खाली सरकतो. कॅलिफोर्नियात पाण्याच्या फवाऱ्यानं डोंगर फोडून सोनं काढायची पद्धत न्यायालयानं १८८४ मध्ये जवळपास बंद पाडली. तिथला राडा नद्यांतून कसा सरकतोय याचा भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांचा अभ्यास १९१७ चा, म्हणजे तेहेतीस वर्षांनंतरचा. तेव्हाही तो सरकतच होता.

मोठ्या नदीवर फरक पडतो, याचं उदाहरण चीनची पीत नदी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहायची, २००० नंतर ३० कोटींच्या खाली आली. त्यात धरणं, पायऱ्यांची शेती, घळीतले बांध यांचा वाटा आधी मोठा होता. १९९९ पासून उतारावरची शेती सोडून गवत-झाडी येऊ दिली, त्याचा वाटा नंतरचा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका : जंगल २०२१ सारखा पूर अडवेल. जमीन आठवडाभराच्या पावसानं तुडुंब भरली की जंगलातही पाणी मुरायला जागा उरत नाही. पाणी येणारच. त्याच्याबरोबर माती किती येईल, तेवढं आपल्या हातात आहे.

पाणलोट_मोजणी

मोजायला सुरुवात करायची असेल तर या मेमध्येच करा. ६० सेंटिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड सळ्या, ५० सेंटिमीटर जमिनीत, १० वर. जंगलात दहा, बागेत दहा, वणवा गेलेल्या उतारावर दहा. मेअखेर आणि नोव्हेंबरमध्ये वरचा भाग मोजा. सळईच्या चढाकडच्या अंगाला न मोजता बाजूला मोजा, कारण चढाकडे पाचोळा अडकून उंची चुकते. एक-दोन मिलिमीटरचा फरक माती फुगण्या-आकसण्यानंही होतो, म्हणून एका सळईवरून निष्कर्ष नको.

ओढ्यासाठी एक लिटरच्या बाटल्या. वाहत्या भागात, खोलीच्या साधारण सहादशांशावर तोंड उघडून भरायच्या. पाणी चढत असताना भरलेली बाटली सर्वांत मोलाची, कारण वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या दिवसांत जातो आणि रोज सकाळी आठला ठरवून भरलेल्या बाटलीत तो सापडत नाही. आधी वजन केलेल्या गाळणकागदावर गाळा, १०५ अंशांना वाळवा, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. पाणी चढतानाच गाळ सर्वांत जास्त असेल आणि ओसरताना त्याच पातळीला कमी, तर माती जवळून येतेय : काठ, पात्र, रस्ता. उलट असेल तर लांबच्या उतारावरून. त्यावरून आधी कुठे चालत जायचं ते कळतं.

वरकस

सळ्या मिळतील, काटा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. भट्टी नाही, तिथे अडेल.

पाणलोट_मोजणी

भट्टी नसली तरी अडत नाही. कागद उन्हात दोन दिवस वाळवा, मग कोरड्या डब्यात बंद करून आणा आणि सगळे एकाच दिवशी तोला. सोबत गाळ न लावलेले तीन कोरे कागद तसेच वाळवून तोला. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा घेतो. कोऱ्या कागदांचं वजन जेवढं वाढलं तेवढं बाकीच्यांतून वजा करायचं. बाटलीवर तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी शिसपेन्सिलीनं लिहा, पेनची शाई ओलीत पसरते.